चेफालू : लॉगबुकातल्या समुद्रात एक दिवस

बावीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली मी, त्यात भूमध्य समुद्रातून किती वेळा गेलो असेन याचा हिशोबच नाही. सुएझ संपला की पोर्ट सैद, मग कधी सिसिलीच्या खालून तर कधी मेसिनाच्या सामुद्रधुनीतून वर जेनोआ, मार्सेय, बार्सिलोना. पण हा समुद्र माझ्यासाठी काय होता, तर लॉगबुकातला एक आकडा. सी वॉटर टेंपरेचर, सप्टेंबरात २६, हिवाळ्यात १४-१५. कूलरला येणारं पाणी गार आहे ना, मग झालं. फ्रेश वॉटर जनरेटर लावून ह्याच समुद्राचं पाणी गोडं करून आम्ही प्यायलो, त्यातच भात शिजवला, पण त्या पाण्यात पाय कधी बुडवला नाही.

लोकांना वाटतं जहाजावरचा माणूस जग फिरतो. पोर्टात जहाज लागतं तेव्हाच इंजिनवाल्यांची कामं निघतात, प्युरिफायर उघडा, एखादा युनिट उघडा, बंकर म्हणजे जहाजाचं इंधन घ्या, आणि शोअर लीव्ह म्हणजे किनाऱ्यावर उतरायची परवानगी मिळाली तरी युरोपात व्हिसा नसेल तर पोर्टचं गाव आणि त्याला लागून असलेला भाग, त्याच्या पुढं जाता येत नाही. दोन-तीन तासात एक सिमकार्ड, एक पिझ्झा आणि पोरांसाठी चॉकलेट, इतकंच जमायचं.

आता चार वर्षं झाली मी किनाऱ्यावरची नोकरी करतो, टेक्निकल सुपरिटेंडेंट म्हणून. मागच्या सप्टेंबरात एका बल्क कॅरियरच्या (सुटा माल नेणारं जहाज) ड्राय डॉकसाठी, म्हणजे जहाज कोरड्यावर घेऊन करायच्या दुरुस्तीसाठी, सिसिलीतल्या पालेर्मोला तीन आठवडे होतो, ऑफिसकडून गेलेलो त्यामुळे पासपोर्टात शेंगेन व्हिसा होता. सकाळी साडेसहापासून रात्री नऊपर्यंत डॉक, ब्लास्टिंगची धूळ, पेंटचा वास, स्टीलच्या प्लेटांचे हिशोब, आणि शेवटच्या रविवारी यार्डचं काम पूर्ण बंद. कॅप्टन म्हणाला सर झोपा जरा. झोपायचंच होतं खरं तर, पण शनिवारी रात्री नकाशा बघताना चेफालू दिसलं, पालेर्मोपासून रेल्वेनं तासाभरावर, मेसिनाहून पालेर्मोकडे येताना डाव्या हाताला लागणारं ते डोंगराचं टोक. हे टोक चार्टवर कित्येकदा बघितलेलं, डेकवरची मंडळी ब्रिजवरून बघायची, मी खाली असायचो. म्हटलं जायचं, एकटंच जायचं, आणि एकच गाव करायचं.

पालेर्मो चेंत्राले स्टेशनवर मशीनमधून तिकीट काढलं, सहा युरोच्या आसपास पडलं एका बाजूचं. आणि इथंच एक गोष्ट सांगून ठेवतो, रीजनल गाडीचं कागदी तिकीट काढलं म्हणजे काम झालं असं नाही, गाडीत बसायच्या आधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते, नाहीतर दंड. मला माहीत नव्हतं. मी सरळ डब्याकडे निघालेलो, तर काळ्या स्वेटरमधल्या एका आजीबाईंनी हाताला धरून थांबवलं, माझ्या हातातलं तिकीट घेतलं, स्वतः मशीनमध्ये घातलं, खट्ट आवाज झाला आणि मला परत दिलं. त्यांना एक शब्द इंग्रजी येत नाही, मला एक शब्द इटालियन येत नाही. नंतर डब्यात त्या माझ्या समोरच बसल्या आणि मी डाव्या खिडकीशी बसावं म्हणून त्यांनी आपली पिशवी उचलून घेतली. जाताना समुद्र डाव्या बाजूला असतो, येताना उजव्या, हे लक्षात ठेवा.

बागेरिया गेलं की गाडी समुद्राला येऊन मिळते आणि पुढं बराच वेळ सोडत नाही. लिंबाच्या बागा, मध्येच मोडकी घरं, फड्या निवडुंगाची लालपिवळी फळं, आणि त्यामागं निळं पाणी. तेर्मिनी इमेरेसे आलं, तिथं फियाटचा मोठा कारखाना होता, १९७० पासून ते २०११ पर्यंत गाड्या बनायच्या. बंद कारखाना बघितला की मला नेहमी जीव तुटल्यासारखं होतं, यंत्रांची माणसं आपण, बंद शेडची पत्र्याची छपरं बघून आत आता काय गंजत असेल हेच डोक्यात येतं. त्याच्या पुढं रुळांजवळच कुठंतरी हिमेरा हे जुनं ग्रीक शहर होतं, ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये ग्रीकांनी कार्थेजच्या फौजेला हरवलं ते तिथं. गाडीतून काही कळत नाही, शेतं दिसतात फक्त.

चेफालू स्टेशनवरून जुनं गाव दहा मिनिटं चालत. गल्लीच्या शेवटी एकदम तो डोंगर समोर उभा राहतो, ला रोका, २७० मीटर उंच, जवळजवळ उभा कडा, आणि त्याच्या पायाशी गाव दाटीवाटीनं बसलेलं. ग्रीकमध्ये केफाले म्हणजे डोकं, डोंगर डोक्यासारखा म्हणून गावाचं नाव तसं पडलं. नाश्त्याला बदामाचा ग्रानिता आणि ब्रियोश, म्हणजे बर्फाचा बदामी लगदा आणि त्यात बुडवून खायचा गोड मऊ पाव, त्यावर एक गोळा असतो तो आधी तोडून खायचा. सकाळी साडेआठला बर्फ खायचा म्हणजे मनाला पटेना, पण तिथं सगळे तेच खात होते आणि खरं सांगतो, नंतर पालेर्मोत राहिलेले चार दिवस मी तेच खाल्लं.

ऊन चढायच्या आत रोका चढून घेतला. तिकीट आहे थोडंसं, पायाला पकड असलेले बूट हवेत कारण दगड झिजून गुळगुळीत झालेत, आणि पाणी बरोबर न्या. मी दीड लिटर नेलं आणि सगळं संपलं. मध्यावर दिआनाचं मंदिर म्हणतात ते एक खूप जुनं बांधकाम आहे, घर करता येईल एवढाले दगड चुना न लावता नुसते एकावर एक बसवलेले, मी तर सांध्यांवरून बोट फिरवत बसलो. आमच्याकडे फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालून क्लिअरन्स, म्हणजे फट, बघतात तसं. अगदी वर किल्ल्याचे अवशेष, आणि खाली लाल कौलांचं गाव, त्यातून वर आलेले कॅथेड्रलचे दोन मनोरे, आणि बाकी सगळा समुद्र. हवा स्वच्छ असली तर एओलियन बेटं दिसतात, त्या दिवशी धुरकट होतं, नाही दिसली. पण एक जहाज दिसलं. लांब, पश्चिमेकडे चाललेलं, कंटेनर असावं. मोबाईलवर जहाज ओळखायचं अॅप आहे, नाव, वेग, कुठून कुठं सगळं दोन सेकंदात कळलं असतं, पण नाही उघडलं. घड्याळात बघितलं तर बारा वाजायला आलेले. म्हणजे त्या जहाजावर वॉच, म्हणजे इंजिनवर पाळीनं पहारा, ठेवत असतील तर आठ-बाराचा फोर्थ इंजिनियर आता राउंड मारून लॉग भरत असेल आणि सी वॉटर टेंपरेचरच्या रकान्यात २६ लिहीत असेल. घामानं भिजलेला, कानावर मफ्स. त्याला हा डोंगर दिसत नाहीये. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो, ते जहाज टोकाआड जाईपर्यंत.

खाली उतरलो तर कॅथेड्रलमध्ये रविवारची प्रार्थना चालू. प्रवाशांना तेव्हा पुढं फिरू देत नाहीत, मी शेवटच्या बाकावर बसून घेतलं. बरं झालं, नाहीतर फोटो काढून पंधरा मिनिटात बाहेर पडलो असतो. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा, त्यानं ११३१ मध्ये हे बांधायला घेतलं. गोष्ट अशी सांगतात की तो वादळात सापडला होता आणि जिथं सुखरूप किनाऱ्याला लागेन तिथं देऊळ बांधीन असा त्यानं नवस केला. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, पण किनाऱ्यावरचा माणूस म्हणून मला ती गोष्ट लगेच पटली, आपल्याकडे कोकणात अशा नवसाची देवळं गावोगाव आहेत. आत पुढच्या अर्धगोलात सोनेरी मोझेइकमधला येशू आहे, प्रचंड, ११४८ सालचा, बायझंटाईन कारागिरांनी केलेला. डाव्या हातात उघडं पुस्तक, त्याच्या एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन, मी जगाचा प्रकाश आहे असं. चेहरा कडक नाहीये, थकल्यासारखा, समजूतदार आहे. कपाळावर केसांच्या दोन बटा सुटलेल्या. शेवटच्या बाकावरून एवढं दिसतं म्हणजे तो किती मोठा असेल बघा. समोर गाणं चालू होतं, लहान मुलं इकडेतिकडे पळत होती, कोणी रागवत नव्हतं. ज्या रॉजरनं बांधलं त्याला इथंच पुरलं जायचं होतं, दगडी पेट्यासुद्धा आणून ठेवलेल्या, पण पुरलं त्याला पालेर्मोत आणि त्या पेट्याही नातवानं, फ्रेडरिक दुसऱ्यानं, १२१५ मध्ये तिकडे नेल्या. वाईट वाटलं मला. ज्या किनाऱ्यानं वाचवलं तिथंच शेवटी निजावं एवढीच इच्छा होती ना त्याची.

जेवायला दोनच्या आत बसा, अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं आणि मग संध्याकाळपर्यंत नीट जेवण मिळत नाही. एकट्याला टेबल मागताना मला उगाच संकोच वाटत होता, पण त्या बाईनं एक बोट वर करून विचारलं आणि सरळ समुद्राकडच्या टेबलावर नेऊन बसवलं. पास्ता कॉन ले सार्दे मागवला. सार्दे म्हणजे आपली तारली, त्याच कुळातली. त्यात रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोज्यासारखे पाइन नट्स, केशर आणि वरून भाजलेल्या पावाचा चुरा. तारल्यात बेदाणे ऐकून आमची आई जेवणार नाही, पण लागतं फार छान, तारल्याचा उग्रपणा त्या पाल्यानं आणि गोडानं बरोबर धरला जातो. बेदाणे, केशर हे अरबांकडून आलेलं म्हणतात, दोनेकशे वर्षं त्यांचं राज्य होतं इथं. पालेर्मोत रस्त्यावर पानेल्ले मिळतात ते तर थेट आपली पाटवडी, हरभऱ्याचं पीठ शिजवून, पातळ थापून, गार झालं की कापून तळायचं आणि तीळ लावलेल्या पावात घालायचं. बिलात कोपेर्तो म्हणून दोन-तीन युरो जास्तीचे असतात, ते बसायचे आणि पावाचे, फसवणूक नाही ती.

दुपारी गाव झोपतं. मी मांद्रालिस्का म्युझियममध्ये गेलो, ते उघडं होतं. एकोणिसाव्या शतकातला एक जहागीरदार, एन्रिको पिराइनो दि मांद्रालिस्का, त्याचं घर आणि त्यानं जमवलेल्या वस्तू. शिंपले-शंख हजारोंनी. पण मी थांबलो दोन गोष्टींपाशी. एक मातीचं मोठं भांडं, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं, लिपारी बेटावर सापडलेलं. त्यावर मासेवाला काढलाय, समोर लाकडी ठोकळा, हातात मोठा सुरा, ट्यूना तोडतोय, आणि गिऱ्हाईक हातात नाणं धरून उभं. गिऱ्हाइकाचा तो हात बघून कळतं की भाव ठरलेला नाही अजून. मिरकरवाड्याला संध्याकाळी बोटी लागल्या की हेच चालतं, कापणारी बाई असते एवढाच फरक. मी फोटो काढून बायकोला पाठवला, तिनं लगेच विचारलं कितीला देतोय.

दुसरं म्हणजे अंतोनेल्लो दा मेस्सिनाचं ते चित्र. वहीएवढं आहे हो फक्त, लाकडावरचं, पंधराव्या शतकातलं. काळी टोपी घातलेला माणूस तुमच्याकडे बघून हसतोय, आणि ते हसू असं की ह्याला आपल्याबद्दल काहीतरी माहिती आहे. लोक त्याला अज्ञात खलाशी म्हणत आलेत. अभ्यासक म्हणतात खलाशी नसावा, कपड्यांवरून पैसेवाला दिसतो. तोंडाजवळ ओरखडे होते, त्याची गोष्ट अशी की ते चित्र आधी लिपारीवर एका औषधवाल्याच्या दुकानात होतं आणि त्याच्या मुलीनं त्या हसण्याला वैतागून टोच्यानं ते खरवडलं. मला विचाराल तर तो खलाशीच आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी प्रश्न विचारले, कसं असतं रे समुद्रावर, की आम्ही सगळे असेच हसतो. काय सांगणार, कुठून सुरुवात करणार. खोलीत मी एकटाच होतो, बाक होता, अर्धा तास बसलो त्याच्यासमोर. घरच्यांबरोबर आलो असतो तर कोणाला तरी भूक लागली असती, कोणाचे तरी पाय दुखले असते, आणि त्यात काही चूक नाही, पण एका चित्रासमोर अर्धा तास कोणाला उत्तर न देता बसणं मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढं मध्ययुगीन धोबीघाट आहे, लावातोयो. रस्त्यावरून काळ्या लाव्हाच्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरतात आणि कमानीखाली ओळीनं तोट्या, बऱ्याचशा सिंहाच्या तोंडाच्या, त्यातून झऱ्याचं पाणी अखंड पडतंय, दगडी कुंड्यांतून वाहत समुद्राला जातंय. आपल्याकडे गोमुख, इथं सिंहमुख. कपडे घासायला तिरपे दगड आहेत, मधोमध झिजून खोलगट झालेले, शेकडो वर्षांच्या बायकांच्या हातांनी. बाहेर शिलालेखात त्या पाण्याचं कौतुक आहे, चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून गार. हात घातला, गारच होतं.

आणि आता ज्याच्यासाठी गेलो ते. मी मूळचा रत्नागिरीजवळच्या गावातला. आमच्याकडे सगळं भरती-ओहोटीवर चालतं, उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं, भांगाच्या लहान भरतीला कमी, होडी कधी काढायची, खाडी कधी ओलांडायची, शिंपल्या कधी काढायच्या सगळं चंद्रावर, आणि घरं किनाऱ्यापासून मागं, माडांच्या आड. चेफालूला पहिल्यांदा पुळणीवरून मागं वळून बघितलं तर घरं थेट पाण्यात उभी. तळमजल्याच्या भिंतीला लाटा लागतायत, वर बाल्कनीत कपडे वाळतायत. आधी काळजीच वाटली. मग लक्षात आलं, इथं भरती जेमतेम वीत-दीड वीत. जिब्राल्टरला चौदा किलोमीटरचं तोंड, त्यातून महासागराची भरती आत येणार तरी किती. चार तास मी एक दगड धरून ठेवला होता नजरेत, पाणी तिथंच. वादळात लाटा येतातच म्हणा, पण रोज दोनदा हलणारा समुद्र ह्यांना माहीतच नाही. आपला समुद्र येतो आणि जातो, ह्यांचा घरात राहतो.

पुळणीवर एक भाग फुकट आहे, गावाच्या जवळचा, बाकी ठिकाणी छत्री-खुर्ची भाड्यानं. एकट्या माणसाचा प्रश्न एकच, पोहायला गेलं तर सामान कोणाकडे. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलेलो, जवळ चाळीस युरो आणि फोन एवढंच. शेजारी एक मोठं कुटुंब होतं, तीन पिढ्या, डबे, टरबूज वगैरे, त्यांच्या आजीकडे बॅग दाखवली आणि पाण्याकडे बोट केलं. तिनं बॅग ओढून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली आणि जा असा हात केला.

पाण्यात गेलो. पहिला विचार आला, २६. बरोबर २६ असणार, अंगाला कळतं. दुसरा म्हणजे किती खारट, आपल्यापेक्षा जास्तच, ऊन आणि वारा पाणी नेतात आणि नद्या तेवढं आणून देत नाहीत, त्यामुळं अंग आपोआप वर राहतं. पाठीवर पडून राहिलो. कान पाण्याखाली गेले आणि एकदम शांत झालं. बावीस वर्षं ह्या समुद्रात होतो तेव्हा कानात सतत इंजिन होतं, झोपेतसुद्धा, आवाज थोडा बदलला तरी जाग यायची. आता त्याच पाण्यात कान बुडवून काहीच ऐकू येत नव्हतं, स्वतःचा श्वास तेवढा. डोळ्यांत पाणी आलं, खारं पाणी गेलं म्हणून नाही, खरंच आलं. वर तो डोंगर, कॅथेड्रलचे मनोरे उन्हानं पिवळे झालेले. किती वेळ पडून होतो माहीत नाही, बोटांच्या सुरकुत्या पडल्या तेव्हा बाहेर आलो. आजीनं बॅग दिली आणि टरबुजाची फोड पण.

गाव पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळं सूर्य समुद्रात बुडतो, रत्नागिरीसारखाच. पोर्ता पेस्काराच्या कमानीतून जुन्या धक्क्यावर गेलो, अर्धं गाव तिथं उभं होतं, म्हातारे, पोरं, कुत्री. कोणी फारसं बोलत नव्हतं. सातच्या आसपास बुडाला. नंतरची गाडी मिळाली ती खच्चून भरलेली, उन्हानं लाल झालेली पोरं आणि वाळूनं भरलेल्या पिशव्या, उजव्या खिडकीशी जागा नाही मिळाली, उभ्यानंच आलो.

सोमवारी सकाळी सात वाजता डॉकमध्ये सी चेस्टची पाहणी होती. सी चेस्ट म्हणजे जहाजाच्या पोटातली ती पेटी जिच्यातून समुद्राचं पाणी कूलिंगसाठी आत येतं. ड्राय डॉकमध्ये ती कोरडी असते, जाळी काढून माणूस आत शिरू शकतो. टॉर्च घेऊन आत गेलो, कोपऱ्यात वाळलेल्या शिंपल्या चिकटलेल्या होत्या, व्हॉल्व्हची सीट बघायला मान वाकडी केली आणि डाव्या कानातून कोमट पाणी गालावर ओघळलं. बाहेरून सेकंड इंजिनियर विचारत होता सर काही लीक आहे का. म्हटलं नाही रे, कोरडं आहे सगळं.